सूर्यग्रहणांचे गणित आणि ग्रहणांची घराणी
(मच्छे, जि. बेळगाव येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतकऱ्याच्या घरात भिंतीवर टांगलेल्या पंचांगात दोन प्रकारची भाकिते एकाच शाईने छापलेली असतात. नक्षत्राचे वाहन कोणते आणि त्यावरून पाऊस कसा पडेल, हे एक. आणि अमुक तारखेस सूर्यग्रहण असून स्पर्श किती वाजता, मध्य किती वाजता व मोक्ष किती वाजता, हे दुसरे. पहिले भाकीत किती वेळा फसते, हे मृगाचा पेरा करून आभाळाकडे पाहत बसलेल्या माणसास सांगावयास नको. दुसरे मात्र मिनिटाच्या हिशेबाने खरे ठरते. पाऊस हा वारा, बाष्प, समुद्राची ऊब, डोंगरांची आडवण अशा असंख्य कारणांचा मेळ आहे. त्यांपैकी एखादे जरासे बदलले तरी आठ दिवसांनंतरचे चित्र बदलते. ग्रहण हा केवळ तीन गोलांच्या चालीचा प्रश्न आहे, आणि ती चाल शतकानुशतके मोजली गेली आहे. म्हणून दहा दिवसांनंतरच्या पावसाविषयी जो अधिकाराने बोलू शकत नाही, तोच मनुष्य पन्नास वर्षांनंतरच्या ग्रहणाची वेळ निःशंकपणे सांगू शकतो.

सूर्यग्रहण अमावास्येसच होते, हे सर्वांस ठाऊक आहे. मग प्रत्येक अमावास्येस ते का होत नाही? बैलगाडीच्या चाकास बसवितात त्या लोखंडी धावांपैकी एक लहान व एक मोठी अशा दोन घ्याव्यात आणि लहान धाव मोठीच्या आत किंचित कलती धरावी. मोठी धाव हा सूर्याचा भासमान मार्ग आणि लहान धाव हा चंद्राचा मार्ग समजावा. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी सुमारे पाच अंशांनी कललेला आहे. त्यामुळे पृथ्वीवरून पाहताना हे दोन मार्ग फक्त दोनच ठिकाणी एकमेकांस छेदतात. एरवीच्या अमावास्येस चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो आणि त्याची सावली पृथ्वीला चुकवून अवकाशात पडते. अमावास्येच्या क्षणी सूर्य त्या छेदनबिंदूच्या आसपास असेल तरच सावली पृथ्वीवर येते. या दोन छेदनबिंदूंस आपल्या ज्योतिषशास्त्राने राहू आणि केतू अशी नावे दिली आहेत.

म्हणजे राहूने सूर्याला गिळले, ही गोष्ट आजीने नातवाला सांगितली तर तिच्यात गणिताचा एक धागा आहेच. राक्षस तेवढा बाजूस ठेवावयाचा. हे काही नवे शहाणपण नव्हे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात सूर्यास चंद्र झाकतो आणि चंद्रास पृथ्वीची मोठी छाया झाकते, असे स्वच्छ लिहून ठेवले आहे.

आता मूळ प्रश्न. एकदा झालेले ग्रहण पुन्हा तसेच केव्हा होते?

ठरावीक वर्षांनी आकाशातील मांडणी पुन्हा तीच येते, याचा अनुभव आपल्या घरोघरी आहे. २००४ साली अधिक श्रावण होता आणि तो पुन्हा २०२३ साली आला, म्हणजे एकोणीस वर्षांनी. याचे कारण एकोणीस सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांची लांबी जवळजवळ समान आहे. परंतु अधिक मासाला सूर्य आणि चंद्र या दोघांचाच मेळ पुरतो. ग्रहणाला तिसरा भागीदार लागतो, तो राहू. शिवाय ग्रहण खग्रास व्हावयाचे की कंकणाकृती, हे चंद्र पृथ्वीपासून किती अंतरावर आहे यावर ठरते, तो चौथा. चंद्र जवळ असेल तर तो मोठा दिसतो आणि सूर्याला पुरता झाकतो. दूर असेल तर सूर्याचे कंकण शिल्लक राहते.

पाटाच्या पाण्याच्या पाळीचे उदाहरण घ्यावे. एका शेताची पाळी दर सहा दिवसांनी, दुसऱ्याची आठ दिवसांनी व तिसऱ्याची नऊ दिवसांनी येत असेल आणि आज तिन्ही पाळ्या एकाच दिवशी आल्या असतील, तर त्या पुन्हा एकत्र येण्यास बहात्तर दिवस लागतील. चंद्राच्याही अशाच तीन पाळ्या आहेत. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत २९.५३०५८८ दिवस. राहूपासून पुन्हा राहूपर्यंत २७.२१२२२ दिवस. पृथ्वीच्या अगदी जवळच्या बिंदूपासून पुन्हा त्याच बिंदूपर्यंत २७.५५४५५ दिवस. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून हे गुणाकार अवश्य करवून घ्यावेत. पहिली संख्या २२३ ने गुणली तर ६५८५.३२ दिवस येतात; दुसरी २४२ ने गुणली तर ६५८५.३६, आणि तिसरी २३९ ने गुणली तर ६५८५.५४. तीन वेगवेगळ्या पाळ्या, पण सुमारे साडेसहा हजार दिवसांनंतर त्या एकमेकींपासून काही तासांच्या अंतरावर येऊन ठेपतात. हे साम्य कोणी घडवून आणलेले नाही. चंद्राच्या गतीत ते तसे आहे, एवढेच.

६५८५ दिवस व एक तृतीयांश म्हणजे १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तास. मध्ये लीप वर्षाचे पाच दिवस आले तर अकराऐवजी दहा दिवस. या कालखंडास सॅरोस असे नाव आहे. बाबिलोनच्या ज्योतिष्यांनी मातीच्या विटांवर ग्रहणांच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या ठेवल्या आणि त्यांवरून २२३ महिन्यांचा हा आवर्तनकाल हुडकून काढला. दुर्बीण नव्हती, गुरुत्वाकर्षणाचा नियम ठाऊक नव्हता. नोंदवही मात्र होती, आणि ती एका राजवटीनंतर दुसऱ्या राजवटीत चालू राहिली. सॅरोस हे नाव मात्र फार नंतरचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील एडमंड हॅली याने जुन्या ग्रंथातील एका शब्दाचा काहीसा चुकीचा अर्थ घेऊन ते या चक्रास दिले आणि ते रूढ झाले.

अठरा वर्षे अकरा दिवस हे सूत्र कळले म्हणजे काम संपले, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. त्या शेवटच्या आठ तासांत सारी मेख आहे. आठ तासांत पृथ्वी स्वतःभोवती एक तृतीयांश फेरी फिरून जाते. म्हणून अठरा वर्षांनी ग्रहण परत येते खरे, पण सावली पूर्वीच्या ठिकाणी न पडता पृथ्वीच्या घेराच्या सुमारे एक तृतीयांशाने पश्चिमेस पडते. तीन सॅरोस झाले म्हणजे तीन वेळा आठ तास मिळून चोवीस तास पुरे होतात आणि सावली जवळपास त्याच रेखांशावर परतते. ५४ वर्षे व एक महिना, असा हा मोठा फेरा आहे. तेव्हाही ती अचूक त्याच गावावर येत नाही, उत्तरेस किंवा दक्षिणेस सरकलेली असते.

याचे उत्तम उदाहरण याच भागातले आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी, शनिवारी, माघ अमावास्येस झालेले खग्रास सूर्यग्रहण येथील वयोवृद्ध मंडळींस आठवत असेल. त्या दिवशी दुपारनंतर चंद्राची दाट छाया अरबी समुद्रावरून कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावर आली आणि हुबळी, गदग, रायचूर या मार्गाने आंध्रातून ओरिसाच्या किनाऱ्याकडे निघून गेली. पट्ट्याच्या आत दोन ते तीन मिनिटे दिवसा अंधार पडला. हुबळीनजीक होसूर येथे आणि रायचूरच्या बाजूस जवळगेरा येथे भारतीय ताराभौतिकी संस्थेने वेध घेण्यासाठी तळ टाकले होते. मच्छे गाव त्या पट्ट्याच्या थोडे उत्तरेस राहिले. येथे सूर्याची बारीक कोर शिल्लक होती.

ह्याच ग्रहणाची पुढची वंशावळ पाहावी. १९८० नंतर ते २६ फेब्रुवारी १९९८ रोजी आले, तेव्हा छाया कोलंबिया, व्हेनेझुएला आणि कॅरिबियन बेटांवरून गेली. नंतर ९ मार्च २०१६ रोजी ते इंडोनेशियावर दिसले. आणि तीन फेरे पुरे करून २० मार्च २०३४ रोजी ते पुन्हा आपल्या रेखांशाकडे येत आहे; मात्र खग्रास पट्टा उत्तरेस सरकलेला असेल. तो आफ्रिकेतून, इजिप्त, अरबस्तान, इराण यांवरून काश्मीर-लडाखच्या भागात पोहोचेल. अशा प्रत्येक मालिकेस शास्त्रज्ञांनी क्रमांक दिले आहेत; ही १३० क्रमांकाची मालिका. तिला घराणे म्हणावयास हरकत नाही. या घराण्यातील पहिले ग्रहण सन १०९६ मध्ये झाले आणि शेवटचे सन २३९४ मध्ये होईल. एकूण त्र्याहत्तर ग्रहणे. १९८० चे त्यांतील पन्नासावे.

घराणे कायम का टिकत नाही? वर दिलेले गुणाकार पुन्हा पाहावेत. २२३ चांद्रमास आणि राहूच्या २४२ फेऱ्या यांत ०.०३६ दिवसाचा, म्हणजे सुमारे ५२ मिनिटांचा फरक राहतो. प्रत्येक आवर्तनात सूर्य छेदनबिंदूपासून सुमारे अर्ध्या अंशाने सरकतो. म्हणून घराण्याचा आरंभ एका ध्रुवाजवळच्या किरकोळ खंडग्रास ग्रहणाने होतो, छाया हळूहळू विषुववृत्ताकडे येते, मधल्या काळात खग्रास किंवा कंकणाकृती ग्रहणे होतात, आणि बारा-पंधरा शतकांनी दुसऱ्या ध्रुवाजवळ ते घराणे संपते. कोणत्याही काळी अशी सुमारे चाळीस घराणी एकाच वेळी चालू असतात. त्यामुळेच दर वर्षी पृथ्वीवर कोठे ना कोठे निदान दोन सूर्यग्रहणे होतात.

एका गावावर अथवा एका भागावर येणारी ग्रहणे मात्र निरनिराळ्या घराण्यांची असतात. येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. कोकण, बेळगाव, विजापूर या टापूने ११२ वर्षांत तीन खग्रास ग्रहणांचे पट्टे पाहिले.

पहिले १८ ऑगस्ट १८६८ चे. त्याचा पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून आत येऊन जमखंडी, विजापूर या बाजूने गुंटूर व मच्छलीपट्टणकडे गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात त्या वेळी लेफ्टनंट जॉन हर्शेल हे वर्णपट पाहण्याचे यंत्र घेऊन आले होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचे ते नातू. सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या लाल ज्वाला हे तप्त वायू आहेत, हे त्या दिवशी जमखंडी आणि गुंटूर येथील वेधांवरून सिद्ध झाले. भर पावसाळ्यातले ग्रहण. ढगांच्या फटीतून मिळाले तेवढेच पदरात पडले.

दुसरे २२ जानेवारी १८९८ चे. त्याचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर आला आणि ईशान्येकडे देश व वऱ्हाडातून पुढे गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांची मंडळी होती. पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी सोलापूरच्या वाटेवरील जेऊर येथे तळ दिला होता. लॉकियर यांनी हेलियम हा वायू विजयदुर्गावरून १८६८ साली शोधला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले व शाळांतून सांगितलेले आढळते. ते बरोबर नाही. १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होते. तेथून त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ग्रहण नसतानाच सौरज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्यातील पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचे नाव निघाले. विजयदुर्गास ते आले तीस वर्षांनी. विजयदुर्गाचा मान यामुळे तिळमात्र कमी होत नाही. परंतु ग्रहणाची तारीख मिनिटाने मोजावयाची आणि इतिहासाची तारीख तीस वर्षांनी चुकवावयाची, हे शिक्षकास शोभणारे नाही.

तिसरे १९८० चे, ज्याचा उल्लेख वर आला आहे. आता कोणी म्हणेल की १८६८ नंतर ३० वर्षांनी १८९८ चे ग्रहण आले, तर आणखी ३० वर्षांनी, १९२८ साली, येथे पुन्हा खग्रास व्हावयास हवे होते. तसे काही झाले नाही, कारण १८६८ चे ग्रहण १३३ व्या घराण्यातले, १८९८ चे १३९ व्या घराण्यातले आणि १९८० चे १३० व्या. तीन वेगळ्या घरांतील माणसे एकाच धर्मशाळेत उतरली, म्हणून त्यांचे नाते जुळत नाही. एखाद्या ठरावीक ठिकाणी खग्रास ग्रहण येण्याची सरासरी काढली तर ती सुमारे पावणेचारशे वर्षांतून एकदा अशी येते. पण हीसुद्धा केवळ सरासरी आहे. कोठे दोन ग्रहणे दहा वर्षांच्या आत येतात, तर कोठे सहस्रक कोरडे जाते.

खरे नाते शोधावयाचे तर ते देशोदेशी पसरलेले सापडते. विजयदुर्गाच्या ग्रहणात सॅरोस मिळवीत गेल्यास १९१६, १९३४, १९५२, १९७०, १९८८, २००६ ही वर्षे लागतात आणि शेवटी ८ एप्रिल २०२४ येते. त्या दिवशी मेक्सिको व अमेरिकेतील कोट्यवधी लोकांनी जे खग्रास ग्रहण पाहिले, ते विजयदुर्गाच्या ग्रहणाचे सातव्या पिढीतील वंशज होते. तसेच, आइन्स्टाइनचा सिद्धान्त पारखण्यासाठी २९ मे १९१९ रोजी ज्या ग्रहणाच्या वेळी ताऱ्यांची छायाचित्रे घेण्यात आली, ते १३६ व्या घराण्यातले. त्याच घराण्यातील २२ जुलै २००९ चे ग्रहण सुरतेपासून वाराणसी-पाटण्यापर्यंत गेले. बिहारमधील तारेगना या गावी ते पाहण्यास मोठी गर्दी लोटली आणि आयत्या वेळी ढगांनी सूर्य झाकला.

आपल्या ज्योतिष्यांनी सॅरोसवर भिस्त ठेवली नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चक्रावरून ग्रहण होणार एवढे कळते. आपल्या गावी दिसेल की नाही व किती वाजता, हे कळत नाही. आपल्या सिद्धान्तग्रंथांची रीत वेगळी होती. एका ठरावीक दिवसापासून आजपर्यंत किती दिवस गेले, तो अहर्गण काढावयाचा. त्यावरून सूर्य, चंद्र व राहू यांची स्थाने काढावयाची. आणि मग पाहणाऱ्याच्या स्थळाप्रमाणे दुरुस्ती करावयाची. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० चा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात त्याने अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडून अहर्गण लहान ठेवला आणि अवघड कोष्टकांवाचून गणित करता येईल अशी सोय केली. महाराष्ट्रात व कर्नाटकात पिढ्यान् पिढ्या या ग्रंथावरून पंचांगे झाली.

परंतु कोणतेही गणित वेधांशी ताडून पाहिले नाही तर हळूहळू मागे पडते. घड्याळ दररोज काही क्षणांनी चुकत असेल तर वर्षाने ते तासाने चुकते. एकोणिसाव्या शतकापर्यंत जुन्या पंचांगातील ग्रहणकाल आणि प्रत्यक्ष ग्रहण यांत डोळ्यांस दिसेल इतका फरक पडू लागला होता. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या युरोपीय वेधांच्या आधारे ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध केला आणि त्यावरून पुढे पटवर्धनी पंचांग निघाले. यानंतरचे मोठे नाव याच भागातले. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. बागलकोट येथे शिक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ व ‘केतकी ग्रहगणित’ हे ग्रंथ सिद्ध केले. वेधशाळा नाही, मोठे ग्रंथालय नाही, शाळा सुटल्यावरचा वेळ तेवढा हाताशी, अशा स्थितीत एका शिक्षकाने सूर्यचंद्रांची स्थाने आधुनिक वेधांशी जुळतील अशी कोष्टके संस्कृत श्लोकांत बसविली. बेळगाव-विजापूर भागातील शाळांतून केतकरांचे नाव जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही, असे म्हणणे भाग आहे.

आज हे काम कोलकात्याचे स्थानीय खगोल केंद्र करते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशींनंतर निघू लागलेले राष्ट्रीय पंचांग मराठीसह अनेक भाषांत मिळते. हेच गणित मागेही चालविता येते. या जिल्ह्यातील आणि शेजारच्या प्रदेशातील जुन्या शिलालेखांत व ताम्रपटांत सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी भूमिदान दिल्याचे उल्लेख पुष्कळ आहेत. लेखातील शक, मास आणि ग्रहण यांचा मेळ बसतो किंवा नाही हे पाहून त्याचा काल पक्का करता येतो, अथवा लेख नंतर कोणी बनावट तयार केला असल्यास तेही उघडकीस येते. शंकर बाळकृष्ण दीक्षित या मराठी शिक्षकाने या कामास मोठा हातभार लावला. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ चा.

आता १९८० च्या त्या दुपारकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. शास्त्रज्ञ देशोदेशींहून कर्नाटकात येत होते आणि ज्यांच्या दारात ते ग्रहण आले होते त्यांपैकी बहुसंख्य लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले होते. रस्ते ओस पडले. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, ही सूचना योग्यच होती; पण तिचा अर्थ घराबाहेरच पडू नये असा केला गेला, आणि तो तसा होऊ देण्यात सुशिक्षितांचाही वाटा होता. ग्रहणाच्या दिवशी सूर्यातून कोणतेही निराळे विषारी किरण निघत नाहीत. अन्न नासत नाही, पाणी दूषित होत नाही, गर्भवती स्त्रीने भाजी चिरली म्हणून बाळाच्या अंगास काही होत नाही. स्नान, जप, दान ज्यांना करावयाचे त्यांनी ते अवश्य करावे. त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. गर्भवती स्त्रीस दिवसभर उपाशी कोंडून ठेवणे मात्र खरोखरच अपायकारक आहे, आणि ते थांबविण्याचे काम गावातील आरोग्य सेविका व शिक्षिका यांनीच करावयाचे आहे.

पुढच्या दहा-बारा वर्षांत या गावाच्या आकाशात काय घडणार आहे, ते आजच लिहून ठेवता येईल.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. २००९ च्या घराण्यातील हे ग्रहण स्पेन, उत्तर आफ्रिका व अरबस्तान येथे खग्रास दिसेल. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल. आपल्याकडे दुपारनंतर ते खंडग्रास आहे. पण बेळगावचा ऑगस्ट म्हणजे काय, हे येथील मंडळींस ठाऊक आहे. ढग फाटले तर लाभ. त्यावर फार विसंबू नये.

२१ मे २०३१, बुधवार. हे कंकणाकृती ग्रहण केरळ व दक्षिण तामिळनाडूतून जाईल आणि येथे खंडग्रास दिसेल. २६ डिसेंबर २०१९ चे कंकणाकृती ग्रहण दक्षिण कर्नाटकातून गेले तेव्हा येथे सूर्याचा बराच भाग झाकला गेला होता. ज्या मुलांनी ते पाहिले त्यांना कल्पना आहेच. शाळांस तेव्हा बहुधा सुटी असेल. म्हणून मुलांना एकत्र आणण्याची व्यवस्था आधी करावी लागेल.

आणि २० मार्च २०३४, सोमवार. १९८० चे जे ग्रहण बंद दारांमागे गेले, त्याचाच हा तिसरा फेरा. मच्छे येथे ते खंडग्रास असेल, दुपारनंतरचे असेल, आणि त्या दिवसांत येथील आभाळ बहुतेक स्वच्छ असते. शाळेसाठी याहून सोयीचे ग्रहण मागून मिळणार नाही.

तयारीस खर्च लागत नाही. थेट पाहावयाचे तर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेला ग्रहणचष्मा अथवा चौदा क्रमांकाची वेल्डिंगची काच वापरावी. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल किंवा परातीतल्या पाण्यातील प्रतिबिंब ही जुनी साधने विश्वासार्ह नाहीत. त्यांतून प्रकाश कमी वाटतो, पण डोळ्याच्या पडद्यास भाजणारे किरण आत येतच राहतात, आणि पडदा भाजताना दुखत नाही. लहान मुलांसाठी न पाहता पाहण्याची रीत उत्तम. पुठ्ठ्याला सुईने छिद्र पाडून एक मीटर अंतरावर पांढरा कागद धरला तर सूर्याचे सुमारे नऊ मिलिमीटर व्यासाचे बिंब उमटते. पिठाची चाळणी उन्हात धरली तर अंगणात शेकडो कोरी पडतात. आंब्याच्या झाडाखाली पाना-पानांतून तशाच दिसतात. सर्वांत चांगली रीत आरशाची. हातआरशावर लहान छिद्र ठेवून बाकीचा भाग कागदाने झाकावा आणि बाहेरच्या उन्हाचा कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर टाकावा. आरसा भिंतीपासून वीस मीटरवर असेल तर सूर्याचे बिंब सुमारे अठरा सेंटीमीटरचे होते, आणि सगळा वर्ग ते एका वेळी पाहू शकतो. भिंतीवर कागद लावून दर पाच मिनिटांनी कडा रेखाटावी, शेजारी वेळ लिहावी, आणि पंचांगात दिलेल्या स्पर्श, मध्य व मोक्षाच्या वेळांशी ती ताडून पाहावी.

ह्या तारखा शाळेच्या कायम नोंदवहीत आजच लिहून ठेवाव्यात. शिक्षक बदलून जातात, नोंदवही राहते. २०३४ मधील त्या दिवशी फाल्गुन अमावास्या आहे आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा.